ठाणे की नवी मुंबई : एका घरखरेदीचं प्रकरण

कुटुंब डोंबिवली पूर्वेचं. आजी बहात्तर वर्षांच्या, मधुमेह आणि दोन्ही गुडघे दुखरे. मुलगा नवी मुंबईतल्या महापेच्या एमआयडीसीत एका आयटी कंपनीत, सून फोर्टला एका बँकेच्या कार्यालयात अधिकारी, नात तेव्हा सातवीत. घर एक बीएचके, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते आजींच्याच नावावर होतं, आणि पुढे याच गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व आलं.

२०२४ च्या दिवाळीनंतर तिघं माझ्याकडे आली. घरखरेदीचे कागद तपासणं हे माझं काम. घर कुठं घ्यावं हे मी सहसा सांगत नाही, पण इथे नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं आणि दोघांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. मुलाला खारघर हवं होतं. रुंद रस्ते, मागे डोंगर, बेलापूर–पेंधर मेट्रो चालू झालेली, विमानतळ जवळ आलेला. सुनेला ठाणे हवं होतं, कारण तिला रोज सीएसएमटी गाठायचं होतं आणि डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढणं तिला आता झेपत नव्हतं. आजी त्या दिवशी फारसं बोलल्या नाहीत. "दोघांना सोयीचं पडेल ते घ्या," एवढंच म्हणाल्या.

डोंबिवलीचं घर विकून येणारे पैसे आणि वर गृहकर्ज मिळून एक कोटी चाळीस लाखांपर्यंत जायची तयारी होती. दोन बीएचके हवं होतं.

त्यांचा प्रश्न होता, ठाणे की नवी मुंबई? मी सांगितलं, असा प्रश्न धरला तर उत्तर चुकेल. नौपाडा आणि कासारवडवली दोन्ही ठाणे महापालिकेत आहेत, पण नौपाड्यातला माणूस स्टेशनवर चालत जातो आणि कासारवडवलीच्या माणसाला तेच स्टेशन दहा किलोमीटरपेक्षा लांब पडतं. उलट ऐरोली नवी मुंबई महापालिकेत असूनही लोकलने ठाण्यापासून दहा-बारा मिनिटांवर आहे. मुलगा ज्याला नवी मुंबई म्हणत होता ते खारघर तर नवी मुंबई महापालिकेतच नाही. ते रायगड जिल्ह्यात, १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आहे. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ म्हणजे सिडको; तिच्या नकाशावर हे सगळं एक शहर आहे, पण मालमत्ता कराचं बिल, पाणी आणि तक्रार घेऊन जायचं कार्यालय वेगवेगळं आहे. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, खालापूर तालुक्यातलं मोरबे, दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं. खारघरला पाणी सिडको देते आणि उन्हाळ्यात तिथल्या सोसायट्यांचे टँकर चुकत नाहीत. कर आणि सेवाशुल्क यांवरून सिडको, महापालिका आणि रहिवासी यांच्यात तिथे वर्षानुवर्षं वाद चालला. मुलाला यातलं बरंच नवीन होतं. घर बघायला गेल्यावर असल्या गोष्टी कुणी काढत नाही.

या दोन शहरांची घडण वेगळी आहे, आणि ती आजही विक्रीच्या कागदात उतरते. ठाणे हे जुनं गाव. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथेच आली. तलावपाळी, कोपिनेश्वर, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याभोवती शहर आपोआप वाढत गेलं. त्यामुळे जमिनी खाजगी मालकीच्या, आणि जुन्या इमारतींपैकी अनेकांचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलंच नाही. सोसायटी चाळीस वर्षं नांदते आहे, पण मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालक किंवा बिल्डर. नवी मुंबई १७ मार्च १९७० ला स्थापन झालेल्या सिडकोने वसवली. ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांतल्या ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा त्यासाठी ठरली. जमीन सिडकोची, म्हणून इमारती भाडेपट्ट्यावर. घर विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. भाडेपट्टा म्हटलं की लोक बिचकतात. माझा अनुभव उलटा आहे. भाडेपट्ट्याची फाइल नीट असेल तर घर कुणाकडून कुणाकडे गेलं ती सगळी साखळी एका कार्यालयात सापडते. ठाण्यात तीच साखळी जोडताना तीन पिढ्यांचे वारस शोधावे लागतात.

दोघांना मी एक काम दिलं. ज्या ज्या कारणासाठी एखादी जागा आवडते आहे ते कारण कागदावर लिहायचं, आणि पुढे फक्त एक शब्द, "चालू" किंवा "जाहीर". चालू म्हणजे उद्या सकाळी वापरता येईल असं. बाकी सगळं जाहीर.

मुलाच्या यादीत विमानतळ जाहीर होता (त्याचं उद्घाटन पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं). मेट्रो चालू होती, पण ती फोर्टला जात नाही. बेलापूरला उतरून हार्बर मार्गाची लोकल पकडावीच लागते, आणि हार्बरवर फास्ट लोकल नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू चालू होता, पण कारला एका फेरीचे अडीचशे रुपये. रोजच्या नोकरीसाठी तो सुनेच्या उपयोगाचा नव्हता. सुनेच्या यादीतही जाहीर शब्द कमी नव्हते. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ चे खांब घोडबंदर रोडवर उभे होते, पण आम्ही बोलत होतो तेव्हा त्यावर गाडी धावत नव्हती. ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं होतं आणि घोडबंदरच्या प्रत्येक जाहिरातीत तो बोगदा होता. पण तिचं ऑफिस फोर्टला. बोरिवलीला लवकर पोहोचून तिला काय मिळणार होतं?

जाहीर आणि चालू यांत किती काळ जातो याचं उदाहरण खारघरमध्येच आहे. बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं, प्रवासी बसले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. २०११ ला मेट्रोच्या भरवशावर तळोज्याला घर घेणाऱ्याचं मूल तेव्हा पहिलीत असेल, तर मेट्रो येईपर्यंत त्याची बारावी झाली. मी मेट्रोच्या विरोधात नाही. ती व्हायलाच हवी होती आणि झाली हे चांगलंच आहे. पण घराच्या भावात ती २०११ पासून धरलेली होती. मला कळकळीने वाटतं की मध्यमवर्गीय माणसाने घर चालू गोष्टींवर निवडावं, कारण जाहीर गोष्टींचे पैसे तो पहिल्या दिवशी मोजतो आणि वाट मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आणि वाढत्या मुलाने बघायची असते.

आजींशी बोलायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचा दिवस विचारला. घर सकाळी आठला रिकामं होतं. नात दुपारी शाळेतून येते, मुलगा आणि सून रात्री आठच्या पुढे. जिने नकोत म्हणून आजी दिवसातून एकदाच खाली उतरतात, आणि त्या एका खेपेत भाजी, औषध, देऊळ आणि शेजारणीशी बोलणं सगळं उरकतात. गुरुवारी भजनी मंडळ. वर्षातून दोन-तीन नाटकं, पूर्वी जास्त. "पायऱ्या नकोत, आणि दाराबाहेर माणूस दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि लेकीला माझ्याकडे यायला अर्धा दिवस लागू नये." त्यांची मुलगी कल्याणला असते.

तीनच अटी होत्या. मुलाच्या आणि सुनेच्या यादीत त्यांतली एकही नव्हती, आणि त्याचं कारण प्रेम कमी असणं हे नाही. घर निवडताना आपण प्रवासाच्या वेळा मोजतो, आणि प्रवास कमावती माणसं करतात. घरातच राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते घर दिवसाचे चोवीस तास येतं, हे लक्षात राहत नाही.

त्यानंतर घरं बघणं सुरू झालं.

नौपाड्यातलं घर पाहताच मनात बसलं. राम मारुती रोड जवळ, भाजीची गल्ली खाली, गडकरी रंगायतन आणि ग्रंथसंग्रहालय रिक्षाने पाच-सात मिनिटांत, स्टेशन चालत. कल्याणहून लेक एका गाडीत येईल. आजींचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा खुललेला पाहिला. पण मजला तिसरा, लिफ्ट नाही. इमारत सत्तरच्या दशकातली, आणि एजंट सांगत होता की पुनर्विकास होणारच आहे. मी सोसायटीचे कागद मागवले. अभिहस्तांतरण झालेलं नव्हतं. समोरची गल्ली नऊ मीटरपेक्षा अरुंद होती, आणि रस्ता एवढा अरुंद असला की पुनर्विकासाला लागणारा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला जादा बांधकामाचा हक्क) मिळण्यात अडचण येते. नौपाड्यातल्या कितीतरी इमारती याच कारणाने वर्षानुवर्षं ताटकळल्या. समजा पुनर्विकास झालाच, तरी आजींना दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं असतं. एकदा भाड्याच्या घरात आणि तीन-चार वर्षांनी परत, आणि तेही सगळं वेळेवर झालं तर. बहात्तराव्या वर्षी हे कुणावर लादू नये असं मी स्पष्ट सांगितलं. सून गप्प झाली. तिला ते घर फार आवडलं होतं.

लिफ्टवालं नवीन घर नौपाडा-पाचपाखाडीत त्यांच्या पैशांत बसत नव्हतं.

घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला बसत होतं. बाविसावा मजला, बाग, ज्येष्ठांसाठी कट्टा, गॅलरीतून येऊरचे हिरवे डोंगर. घर म्हणून ते या सगळ्यांत देखणं होतं. अडचण रस्त्याची होती. जेएनपीटी बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात, पुढे गायमुखचा घाट, आणि मधोमध मेट्रोचं काम. सुनेने एका आठवड्यात दोन वेळा सकाळी तिथून ठाणे स्टेशनला जाऊन पाहिलं. एकदा चाळीस मिनिटांच्या आत पोहोचली, दुसऱ्यांदा दीड तास लागला. तिचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. ती म्हणाली, "सर, रोज सव्वा तास लागला तरी मी सवय करीन. पण किती लागेल हेच कळणार नसेल तर मी रोज दीड तास आधी निघणार, म्हणजे मुलीला सकाळी बघणारच नाही." दूर असण्यापेक्षा बेभरवशाचं असणं जास्त महाग पडतं. आणि घोडबंदरच्या पाण्याचं दुखणं वेगळंच. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी गोळा करावं लागतं, आणि घोडबंदरच्या टोकाच्या मोठ्या संकुलांना ते पुरत नाही. टँकरचा खर्च मासिक देखभालीत कुठे आणि किती दाखवला आहे, हे विचारल्यावर तिथल्या कार्यालयातलं उत्तर गोलगोल आलं.

खारघरची दोन घरं बघितली. मोकळी हवा, सेंट्रल पार्क, पावसाळ्यात पांडवकड्याकडचे डोंगर. आजींना चालायला सपाट रस्ते. मुलगा ज्यासाठी हट्ट धरून होता ते मला तिथे गेल्यावर नीट कळलं. पण सुनेला हार्बरने एक तासाहून जास्त, आणि कल्याणच्या लेकीला ठाण्यावरून, गाडी बदलत, खरोखरच अर्धा दिवस. आजींची तिसरी अट इथे तुटत होती.

घणसोली गावठाणातलं घर एका नातेवाइकाने सुचवलं होतं. सेक्टरमधल्या भावापेक्षा बरंच स्वस्त. बांधकाम परवानगी नाही, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नाही, व्यवहार नोटरीच्या करारावर, बँक कर्ज देणार नाही. तो पर्याय मी पहिल्याच दिवशी बंद केला. मात्र त्या घरांकडे नुसतं बेकायदा म्हणून बघणं मला पटत नाही. आगरी-कोळ्यांच्या शेतजमिनी शहरासाठी गेल्या, कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र वेळेवर वाढवली नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जे आंदोलन झालं त्यात पाच जणांचा जीव गेला, आणि विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा त्या लढ्याने मिळवून दिला. गावकऱ्याने आपल्या पोरांसाठी वरचा मजला चढवणं वेगळं, आणि बाहेरच्या माणसाने आयुष्याची पुंजी घालून तो विकत घेणं वेगळं. दुसऱ्याला कायद्याचा आधार मिळत नाही.

ऐरोली ही कुणाचीच पहिली पसंती नव्हती, आणि तिचं नाव मीच काढलं. हिशोब रेल्वेच्या गर्दीवरून केला. ठाणे–वाशी ट्रान्सहार्बर मार्ग २००४ मध्ये सुरू झाला, आणि त्यावर सकाळची खरी गर्दी ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जाते. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते, सगळे कंपन्यांत निघालेले. ऐरोलीत राहणारा माणूस त्याच वेळी उलट दिशेने ठाण्याला जातो, तेव्हा त्या गर्दीचा त्याला त्रास नाही. पुढे ठाण्याहूनच सुटणारी लोकल धरायची. ती डोंबिवलीहून येणाऱ्या फास्टपेक्षा हळू आहे, पण बसायला मिळतं. मुलाला महापे बसने किंवा दुचाकीवर जवळ. कल्याणची लेक ठाण्याला एकदाच गाडी बदलून येईल. ऐरोलीच्या नाक्यावरचा मुंबईचा टोलही छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला होता, त्यामुळे मुलुंडच्या डॉक्टरकडे टॅक्सीने जाणं सोपं. यातली एकही गोष्ट जाहीर नव्हती. कळवा–ऐरोली उन्नत मार्ग जाहीर होता, म्हणून तो आम्ही धरलाच नाही. त्या मार्गासाठी बांधलेलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये उघडलं, पण मूळ मार्ग तेव्हा व्हायचाच होता.

मुलाला ऐरोली पटेना. "तिथे भाव वाढून झालेत, खारघरला अजून वाढणार," तो म्हणत राहिला. खोटं नव्हतं ते. पण ज्याचं एकच घर असतं आणि त्यात आई राहते, त्याने भाव वाढला म्हणून ते विकून जायचं कुठे?

आधी अकरा महिने भाड्याने राहा, असं मी सुचवलं. त्यावरही तो म्हणाला की भाडं म्हणजे पैसे पाण्यात. मग हिशोब मांडला. एक कोटी चाळीस लाखांच्या घरावर मुद्रांक शुल्क कमीत कमी सहा टक्के धरलं तरी आठ लाख चाळीस हजार. नोंदणी आणि दलाली वेगळी. घर चुकलं आणि दोन वर्षांनी बदललं तर ही रक्कम पुन्हा. ऐरोलीत दोन बीएचकेचं त्यांना सांगितलेलं भाडं महिना बत्तीस हजार होतं, म्हणजे अकरा महिन्यांचे साडेतीन लाख. नव्या भागात जाताना हा खर्च मी विम्यासारखा मानतो. शेवटी मे २०२५ मध्ये, नातीची शाळा बदलायला सोपं पडावं म्हणून जूनच्या आधी, त्यांनी लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला आणि डोंबिवलीचं घर न विकता ऐरोलीला आले. पहिल्या मजल्याचं घर, लिफ्ट आहे.

या काळात जे समजलं ते कुठल्याही जाहिरातीत मिळालं नसतं.

सुनेचा प्रवास ठरल्यासारखा झाला. घरातून स्टेशन बसने, कारण सेक्टर रेल्वेपासून बरेच लांब पसरलेले आहेत, मग ठाणे, मग सीएसएमटी. एकूण वेळ डोंबिवलीइतकाच, काही दिवशी थोडा जास्त. पण बसून आणि अंदाज बांधता येईल असा. संध्याकाळी मात्र ठाण्याहून ऐरोलीकडे येणारी गाडी पकडणं तिला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, कारण कंपन्यांची गर्दी तेव्हा ठाण्याकडे येत असते.

पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं आणि ठाणे–ऐरोलीचा रस्ता तुंबतो. अशा दिवशी बसचा नाद सोडून लोकल धरावी किंवा मुलुंडच्या खाडीपुलाने फिरून यावं, हे ते पहिल्याच पावसात शिकले. हिवाळ्याच्या काही रात्री औद्योगिक पट्ट्यातून रासायनिक वास येतो. रबाळे-कोपरखैरणेच्या मानाने ऐरोलीच्या त्यांच्या बाजूला कमी, पण येतो. आजींना दम्याचा त्रास असता तर मी इथेच नको म्हटलं असतं. खिडकी कुठल्या दिशेला आहे याने फरक पडतो, आणि पुढे घर घेताना त्यांनी खाडीकडच्या बाजूचं बघितलं.

आजींचे पहिले दोन-तीन महिने वाईट गेले. ओळखीचं कुणी नाही, भजनी मंडळ सुटलेलं. त्या डोंबिवलीच्या शेजारणीला रोज फोन करत. मुलगा एकदा मला म्हणाला, "आईला उगाच हलवलं का हो?" मला तेव्हा काही सांगता आलं नाही. बदल झाला तो महापालिकेच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रामुळे. लिफ्टने खाली उतरून सपाट रस्त्याने दहा मिनिटांत तिथे पोहोचता येतं, त्यामुळे दिवसातली एक खेप दोनवर गेली. ऐरोलीत मराठी वस्ती भरपूर. माथाडी कामगारांची कुटुंबं, गिरगाव-लालबागहून आलेली, साताऱ्या-सांगलीकडची. केंद्रातल्याच एका बाईंबरोबर आजी मंगळागौरीच्या खेळांच्या सरावाला बसायला लागल्या, नाचायला नाही, गाणी म्हणायला. दिवाळीनंतर चौघी मिळून गडकरीला नाटकाला जाऊन आल्या. ठाणे त्यांना मिळालं, फक्त तिथे राहून नाही.

नातीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आठवीत नवी शाळा, सुरुवातीला रडारड, सहामाहीपर्यंत मैत्रिणी.

विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा मुलाने पुन्हा एकदा खारघरचा विषय काढला. या वेळी उत्तर सुनेने दिलं नाही, मीही दिलं नाही. आजी म्हणाल्या, "अरे, मला आता परत नवी माणसं जोडायला लावू नकोस." विषय तिथे मिटला.

घर ऐरोलीतच घ्यायचं ठरल्यावर माझं नेहमीचं काम सुरू झालं, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. निवडलेलं घर सोसायटीतलं, दुसरा मजला, लिफ्ट. सिडकोचा भाडेपट्टा करार, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या विक्रीची साखळी, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र हे सगळं पाहिलं. ऐरोलीत सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांवर वाढीव मजले चढवलेले असतात. तशी घरं आम्ही यादीतच घेतली नव्हती. या फ्लॅटला एक गॅलरी खोलीत घेतलेली होती, ती विक्रेत्याकडून पूर्ववत करून घेतली.

मग नाव कुणाचं लावायचं हा प्रश्न आला. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. मुलाने म्हणूनच सुचवलं की बायकोच्या एकटीच्या नावावर घेऊ, एक लाख चाळीस हजार वाचतील. हेतू चांगला होता. पण डोंबिवलीचं घर आजींचं. ते विकून येणारे पैसे नव्या घरात जाणार आणि कागदावर आजी कुठेच नसणार, हे मला मान्य नव्हतं. मी आजींसमोरच म्हणालो की त्यांचं नाव मालकीत हवं, आणि त्यांचा हिस्सा करारात लिहिलेला हवा. सुनेने लगेच होकार दिला. मला वाटतं ती हे आधीच बोलणार होती, फक्त संकोचत होती. आजी आणि सून दोघी मालक झाल्या तर सूटही राहते. शिवाय आजींना घरविक्रीवरच्या भांडवली नफ्याच्या करातून १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ५४ ची सवलत हवी असेल तर नव्या घरात गुंतवणूक त्यांच्या नावावर असणं गरजेचं आहे, आणि खरेदी जुनं घर विकण्याआधीच्या एका वर्षात किंवा विकल्यानंतरच्या दोन वर्षांत व्हायला हवी. बँकेने आजींना सहकर्जदार म्हणून घेतलं, उत्पन्न मात्र मुलाचं आणि सुनेचं धरलं. मुलाचं नाव मालकीत नसल्याने त्याला व्याजाची वजावट मिळणार नाही, पण तो नव्या करप्रणालीत आहे, आणि तिथे स्वतः राहत्या घरासाठी ती वजावट तशीही नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं जुनं घर विकून नवं घेणारी कुटुंबं मी सतत बघतो. बहुतेक ठिकाणी कुणाच्या मनात खोट नसते, आणि तरी त्या माणसाचं नाव गळून जातं. ते गळू देऊ नये, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगतो.

२०२६ च्या सुरुवातीला डोंबिवलीचं घर विकलं गेलं, ऐरोलीचा करार नोंदवला, आणि सिडकोकडे हस्तांतरणाचा अर्ज गेला. सोसायटीत आजींनी सुनेचं नामनिर्देशन केलं आहे. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही, म्हणून मृत्युपत्र हवंच, आणि कल्याणच्या लेकीचा विचार त्यात व्हायला हवा. मी मसुद्यात आजींच्या हिश्श्याचे मुलगा आणि लेक असे दोन भाग लिहिले होते. आजींनी तो खोडला. लेकीला घरात वाटा दिला तर तो मोकळा करायला एक दिवस घर विकावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी डोंबिवलीच्या विक्रीतून बाजूला ठेवलेली मुदत ठेव पूर्ण लेकीला, आणि घरातला हिस्सा मुलाला. लेकीला त्यांनी हे फोनवर आधी विचारलं आणि तिने हो म्हटल्यावरच मला कळवलं. दुरुस्त मसुदा तयार आहे. साक्षीदार म्हणून विरंगुळा केंद्रातल्या दोघी येणार आहेत.